शहराचं पत्र सॅक्रामेंटोत वाचतं कोण?

आपल्या मंडळातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. सांगलीहून आईबाबा दरवर्षी सहा महिने येऊन राहतात, म्हणून मागच्या अंगणात त्यांच्यासाठी छोटं घर, म्हणजे एडीयू, बांधायचंय. अर्ज करून पाच महिने झाले, दोनदा परत आला. सॅक्रामेंटोत, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या विधानमंडळात, अशा घरांच्या परवान्याची मुदत आणखी कमी करणारं विधेयक आलंय असं कळल्यावर त्या खूश झाल्या. मग राज्याच्या विधेयकांवर शहराची भूमिका ठरवणाऱ्या, सिटी कौन्सिलच्या तीन सदस्यांच्या समितीचा अजेंडा उघडला, तर त्या विधेयकापुढे शिफारस होती 'ऑपोज अनलेस अमेंडेड', म्हणजे दुरुस्ती न झाल्यास विरोध. ताई विचारतात: माझं शहर माझ्याच विरोधात का? शहराने विरोध केल्याने राज्यात कुणाला फरक पडतो का? आणि मी समितीपुढे जाऊन बोलू का?

ताई, बे एरियातल्या एका मध्यम शहरात सिटी मॅनेजरच्या ऑफिसात मी चौदा वर्षं काढली, आणि त्यातली नऊ वर्षं हेच काम केलं. राज्यातली विधेयकं चाळायची, शहराला लागू पडतील तेवढी निवडायची, समितीसाठी टिपण लिहायचं आणि समितीने ठरवलं की पत्र धाडायचं. तेव्हा अजेंड्यावरची ती एक ओळ कशी तयार झाली असेल ते मला घरबसल्या दिसतंय.

फरक पडतो. मात्र तो 'ऑपोज'ने पडत नाही, 'अनलेस'च्या पुढे काय लिहिलंय त्याने पडतो.

या समित्यांचे शेरे साधारण पाच. पाठिंबा, दुरुस्ती झाल्यास पाठिंबा, दुरुस्ती न झाल्यास विरोध, विरोध, आणि 'वॉच', म्हणजे नुसतं लक्ष ठेवायचं. कोरा पाठिंबा किंवा कोरा विरोध कागदावर शोभून दिसतो, पण पुढे तो एका लांब यादीतलं एक नाव होऊन बसतो. 'वॉच' ही पुष्कळदा सोय असते; दोघांचं पटलं नाही की तिसरा म्हणतो, वॉच करू. मेहनत असते ती मधल्या दोन शेऱ्यांत, कारण तिथे कोणती ओळ बदलायची आणि त्या जागी काय घालायचं हे शहराला लिहून द्यावं लागतं.

एकदा आमच्याकडे कुठलासा परवाना तीस दिवसांत द्या असं सांगणारं विधेयक आलं. मी टिपणात लिहून मोकळी झाले होते: विरोध, कर्मचारी अपुरे. बैठकीच्या दोन दिवस आधी नकाशे तपासणाऱ्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात विधेयकाची प्रत, एका शब्दाखाली पेन्सिलीची रेघ. "तीस दिवस कधीपासून मोजायचे?" विधेयकात होतं, अर्ज मिळाल्यापासून. मग त्यांनी त्याच आठवड्यात आलेला एक अर्ज माझ्यापुढे पसरला. प्लॉटची मापं नाहीत, सांडपाण्याची लाइन दाखवलेलीच नाही, मालकाची सही एका पानावर आहे आणि दुसऱ्यावर नाही. "हा आला तो दिवस पहिला धरू का?" आम्ही 'विरोध' खोडून 'दुरुस्ती न झाल्यास विरोध' केलं आणि पत्रात मागणी एकच ठेवली: 'अर्ज'च्या आधी 'परिपूर्ण' हा शब्द घाला. आमदारांच्या ऑफिसातून दुसऱ्याच दिवशी फोन. 'कर्मचारी अपुरे' या वाक्यावर नऊ वर्षांत मला एकही फोन आला नाही.

हे सांगायचं कारण, तुमच्या विधेयकातही वाद याच्याच आसपासचा असण्याची शक्यता बरीच आहे. एडीयूला आधी १२० दिवसांची मुदत होती, ती २०१९ च्या एबी (असेंब्ली बिल) ६८ ने ६० वर आणली, आणि ते ६० दिवस मोजायचे परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. तुमचा अर्ज दोनदा परत आला म्हणजे शहराच्या लेखी घड्याळ बहुधा सुरूच झालेलं नव्हतं. तेव्हा अजेंड्यावरच्या ओळीवर थांबू नका, तिच्यासोबत जोडलेला स्टाफ रिपोर्ट, म्हणजे कर्मचाऱ्यांचं टिपण, उघडा. नेमका शब्द किंवा आकडा मागितला असेल तर शहर प्रामाणिकपणे वाटाघाट करतंय. 'स्थानिक स्वायत्ततेचा आदर राखावा' असलं काही लिहिलं असेल तर समजा, साध्या विरोधाला शालजोडी पांघरली आहे.

पैशाचाही एक धागा तपासून बघा. राज्याने शहरावर नवं काम लादलं तर त्याचा खर्च राज्याने द्यायचा, अशी तरतूद १९७९ च्या प्रपोझिशन ४ पासून राज्यघटनेत आहे. पण बहुतेक अशा विधेयकांच्या शेवटी एक ठरलेला परिच्छेद येतो: भरपाई देय नाही, कारण स्थानिक संस्थेला सेवाशुल्क आकारण्याचा अधिकार आहे. म्हणजे नवा माणूस नेमायचा तर त्याचा पगार तुमच्यासारख्या अर्जदाराच्या फीमधून काढा. विकास शुल्क, म्हणजे नव्या बांधकामाचा रस्ते-बागांवर पडणारा भार भरून काढायला घेतात ते, वेगळं. ७५० चौरस फुटांखालच्या एडीयूला ते लावताच येत नाही, २०१९ च्याच एसबी (सिनेट बिल) १३ मुळे. शहरं कुरकुरतात त्यातली निम्मी कुरकुर या शेवटच्या परिच्छेदावर असते आणि ती मला आजही रास्त वाटते. उरलेल्या निम्मीबद्दल न बोललेलं बरं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वाचतं कोण. आमदार वाचत असतील असं धरून चालू नका. असेंब्लीत ८० जण, सिनेटमध्ये ४०. एका सिनेटरच्या मतदारसंघात दहा लाखांच्या आसपास माणसं. आणि दरवर्षी नवी विधेयकं दोन हजारांच्या आसपास. पत्र वाचतो तो ते विधेयक ज्या विधानमंडळाच्या समितीपुढे असतं तिचा कन्सल्टंट. सुनावणीआधी प्रत्येक विधेयकाचं विश्लेषण तोच लिहितो. सध्याचा कायदा काय, विधेयक काय बदलतं, समर्थक काय म्हणतात, विरोधक काय म्हणतात, आणि शेवटी दोन्ही बाजूंची नावं. समितीतले बहुतेक आमदार सुनावणीला बसतात ते हेच विश्लेषण पुढे ठेवून. पत्र पोर्टलवरून साधारण आठवडाभर आधी गेलं तर त्यात सापडतं, नंतर गेलं तर नाही. आणि कन्सल्टंटला उचलायला काहीतरी हाताला लागावं लागतं. 'आमच्याकडे गेल्या वर्षी इतके अर्ज आले, त्यातले इतके अपुरे होते' हे वाक्य तो उचलतो. 'आम्ही तीव्र चिंता व्यक्त करतो' हे कोण उचलणार!

प्रत्यक्ष सुनावणीबद्दल लोकांच्या कल्पना जरा नाट्यमय असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पहाटेची कॅपिटॉल कॉरिडॉर रेल्वे धरली, गाडीत भाषण तीनदा वाचलं. सॅक्रामेंटोत पोचल्यावर कळलं की सविस्तर बोलायची संधी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन मुख्य साक्षीदारांना, तीही काही मिनिटं. बाकी सगळे मायक्रोफोनमागे रांगेत. माझा नंबर आला. नाव सांगितलं, शहर सांगितलं, 'ऑपोज अनलेस अमेंडेड' म्हटलं, आणि मागच्या माणसाने घसा खाकरला. आठ सेकंद. भाषणाचा कागद परतीच्या गाडीत डब्याखाली अंथरला.

कामाचा भाग वेळापत्रकात आहे, आणि शहरं हरतात तीही इथेच. विधेयकं मांडायची मुदत फेब्रुवारीच्या उत्तरार्धात संपते. छापून तीस दिवस झाल्याशिवाय सहसा सुनावणी होत नाही, म्हणजे विषय-समित्यांचा हंगाम मार्च-एप्रिल. मे महिन्यात अ‍ॅप्रोप्रिएशन्स, म्हणजे खर्च बघणाऱ्या, समितीची 'सस्पेन्स फाइल': खर्चाची विधेयकं बाजूला ठेवतात आणि एका दिवशी धडाधड निकाल वाचून दाखवतात, कारण न देता. जूनच्या सुरुवातीपर्यंत विधेयकाने आपलं पहिलं सभागृह ओलांडायचं. मग दुसऱ्या सभागृहात तोच प्रवास, ऑगस्टमध्ये पुन्हा सस्पेन्स, आणि ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या मध्यावर, वर्ष सम की विषम त्याप्रमाणे, अधिवेशन संपतं. शब्द बदलायचा तर एप्रिल. ऑगस्टमध्ये विधेयक मांडणारा आमदार मतं मोजत असतो. त्याला तुमचा 'परिपूर्ण' शब्द ऐकायला फुरसत नसते.

आणि आपली समिती भरते महिन्यातून एकदा. ब्राउन अ‍ॅक्टप्रमाणे, हा १९५३ चा उघड बैठकांचा कायदा, नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. त्याआधी टिपण, त्याआधी त्या-त्या विभागाचं मत, त्याआधी सिटी अ‍ॅटर्नीची, म्हणजे शहराच्या वकिलाची, नजर. एवढं होईतो विधेयक दोनदा बदललेलं असतं. म्हणून शहाणी शहरं वर्षाच्या सुरुवातीलाच कौन्सिलकडून एक धोरणपत्र मंजूर करून घेतात, ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. त्यात बसणाऱ्या विधेयकावर समितीची वाट न बघता पत्र जातं. तुमच्या शहराचा प्लॅटफॉर्मही वेबसाइटवर असेल, तो जरूर वाचा. 'गृहनिर्माणाला चालना' आणि 'जमीनवापरावर स्थानिक नियंत्रण' ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर सापडतील. कर्मचारी मग हवं ते वाक्य उचलतात, मीही उचलायचे.

उशिराचं मोठं उदाहरण लॉस एंजेलिसचं घ्या. स्टेशनांजवळ उंच इमारतींना वाट करून देणारं सिनेटर स्कॉट वीनर यांचं एसबी ७९ हे विधेयक २०२५ च्या जूनमध्येच सिनेटमधून पुढे गेलं होतं. लॉस एंजेलिसच्या कौन्सिलने ८ विरुद्ध ५ मतांनी विरोध ठरवला तो ऑगस्टच्या १९ तारखेला. मागणी अशी, की राज्याने मान्य केलेला गृहनिर्माण आराखडा ज्या शहरांकडे आहे त्यांना वगळा. ते शहर स्वतः त्यात बसतं, तेव्हा ही दुरुस्ती मान्य करणं म्हणजे राज्यातलं सगळ्यात मोठं शहर कायद्याबाहेर सोडणं. ऑक्टोबरच्या १० तारखेला गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली. एवढ्या मोठ्या शहराचं हे वरातीमागून घोडं, तर आपल्या तीन सदस्यांच्या समितीची काय कथा.

शहर म्हणजे कोण हाही प्रश्न सरळ नाही. सॅन फ्रान्सिस्कोत राज्याच्या विधेयकांसाठी स्वतंत्र समिती आहे, तिच्यात महापौरांच्या ऑफिसचा माणूस, दोन सुपरवायझर (म्हणजे तिथले नगरसेवक) आणि सिटी अ‍ॅटर्नी, कंट्रोलर यांच्यासारखे अधिकारी बसतात. शिवाय बोर्ड ऑफ सुपरवायझर्स स्वतंत्र ठराव करू शकतं. २०१९ मध्ये वीनर यांच्याच, साधारण त्याच विषयावरच्या एसबी ५० वर बोर्डाने ९ विरुद्ध २ ने विरोध नोंदवला, आणि महापौर लंडन ब्रीड विधेयकाच्या बाजूने. वीनर स्वतः त्याच बोर्डावरून सॅक्रामेंटोला गेलेले. विधेयक जानेवारी २०२० मध्ये सिनेटमध्ये पडलं. २१ मतं हवी होती, १८ मिळाली. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ठरावाचा वाटा किती, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आपल्या मराठी मंडळींनी हा सगळा कारभार जवळून पाहिला तो २०२३ मध्ये, जातिभेदाविरुद्धच्या एसबी ४०३ च्या वेळी. सिनेटर आईषा वहाब यांचं विधेयक. आंबेडकरी संघटना पाठिंब्याच्या रांगेत, काही हिंदू संघटना विरोधाच्या, आणि दोन्हींकडे मराठी आडनावं. सिनेटमध्ये ३४ विरुद्ध १ ने संमत झालं. त्या आठ सेकंदांच्या रांगांचे फोटो आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, पण मुख्य बदल झाला तो कागदावर: 'जात' हा संरक्षणाचा स्वतंत्र वर्ग असणार होता, तो असेंब्लीतल्या दुरुस्तीत 'वंश-पूर्वज' या आधीच्याच वर्गाखाली गेला. ऑक्टोबरच्या ७ तारखेला न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला, कारण दिलं की सध्याच्या वर्गांत हे संरक्षण आहेच. त्या आधी फेब्रुवारीत वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटलने आणि सप्टेंबरअखेर कॅलिफोर्नियातच फ्रेझ्नोने राज्याच्या विधेयकावर शेरा मारण्यापलीकडे जाऊन जातिभेदाविरुद्ध स्वतःचा शहरी कायदाच केला. शहराच्या हातात हाही रस्ता असतो, हे विसरू नये.

तुम्ही प्रश्नात जाता जाता विचारलंय की भारतात हे का नाही. पुणे-मुंबईच्या महापालिकांत विधी समिती नावाची समिती असते, पण राज्याचं विधेयक यायच्या आधी तिच्याकडून 'दुरुस्ती न झाल्यास विरोध' असा शेरा मागवायची पद्धत नाही. मुंबईच्या प्रभागांचं बघा. २०२१ मध्ये राज्य सरकारने २२७ चे २३६ करायचं ठरवलं, २०२२ च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने पुन्हा २२७ केले. त्या वेळी महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. विचारणार कुणाला? इथली समिती कितीही सुस्त असली तरी तिला निदान विचारता तरी येतं.

एक चूक माझी, ती सांगते, कारण तुम्हालाही उपयोगी आहे. एका विधेयकाला आम्ही मार्चमध्ये पाठिंब्याचं पत्र दिलं. विषय निरुपद्रवी होता, मी फाइल बंद केली. उन्हाळ्यात त्या विधेयकाचा आतला मजकूर काढून भलताच विषय भरला गेला. इथे त्याला 'गट अँड अमेंड' म्हणतात. क्रमांक तोच, पोटात दुसरंच. आमचं नाव पाठिंब्याच्या यादीत तसंच, आणि नवा विषय असा की आमच्या कौन्सिलमधल्या एका सदस्याने वर्तमानपत्रात वाचून मला रात्री साडेनऊला फोन केला. प्रपोझिशन ५४ मुळे, २०१६ पासून, शेवटच्या मतदानाआधी अंतिम मजकूर ७२ तास ऑनलाइन ठेवावा लागतो, म्हणून पाठिंबा मागे घेणारं पत्र तरी वेळेत गेलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पत्राच्या विषयात विधेयकाच्या क्रमांकासोबत 'अमुक तारखेला दुरुस्त केल्यानुसार' हे आलंच. तुमच्या समितीच्या टिपणात कोणत्या तारखेचा मजकूर धरलाय ते बघा. वेबसाइटवरची प्रत त्यानंतरची निघाली, तर बैठकीत पहिलं वाक्य तेच बोला. सगळे कागद चाळू लागतील.

आणखी एक, लोकांचा घोळ होतो म्हणून. विधेयकाच्या बाजूने किंवा विरुद्ध शहर सरकारी खर्चाने आमदारांकडे प्रयत्न करू शकतं. मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाचं तसं नाही. तिथे शहराला उघड बैठकीत ठराव करता येतो, पण लोकांच्या पैशाने प्रचार करता येत नाही. १९७६ पासून सर्वोच्च न्यायालयाचा, म्हणजे इथल्या राज्याच्या, तसा निकाल आहे.

आता जायचं का? जा. या बैठकांना लोक येतच नाहीत. माझ्या नऊ वर्षांत बहुतेक वेळा समोरच्या खुर्च्यांवर एक निवृत्त गृहस्थ आणि कुणाचीतरी छत्री. तुम्हाला बहुधा तीन मिनिटं मिळतील. त्यात आईबाबांचा उल्लेख एका वाक्यात करा, सांगली वगैरे राहू दे. तुमच्या हातात आहे तो तारखांचा कागद: अर्ज कधी दिला, किती दिवसांनी परत आला, काय कमी आहे म्हणून सांगितलं, आर्किटेक्टने दुरुस्त करायला किती दिवस घेतले, पुन्हा कधी दिला. प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंचे दिवस मांडा, आर्किटेक्टकडे पडून राहिलेले आठवडेही. शहराच्या पत्रात तुमच्या शहरातला एक खरा अर्ज दिवसांसकट असणं, ही गोष्ट कर्मचाऱ्यांनाही हवीच असते. कागदाच्या प्रती न्या, एक क्लार्ककडे द्या, म्हणजे ती नोंदीत राहते.

आणि एक प्रश्न विचारा, जो समित्या स्वतःला विचारायला विसरतात: ही दुरुस्ती मान्य झाली तर शहराची भूमिका काय होणार? विरोध मागे घेऊन गप्प बसणार, की पाठिंब्याचं पत्र देणार? हे आत्ताच ठरावात घाला म्हणा, कारण दुरुस्ती मान्य झाल्याचा फोन आमदारांच्या ऑफिसातून येतो तेव्हा पुढची बैठक तीन आठवड्यांवर असते आणि कर्मचाऱ्याला उत्तर द्यायचा अधिकार नसतो. 'दुरुस्ती झाल्यास पाठिंबा' असं त्यांनी तिथल्या तिथे करून घेतलं तर उत्तम. 'बघू' म्हणाले, तर तो स्टाफ रिपोर्ट मला पाठवा, आपण 'अनलेस'च्या पुढचं वाक्य एकत्र वाचू.